बुरशी आणि रसायनं सोसत नसतील, तर आरव्हीत राहायला जाण्याआधी

मराठी मंडळातल्या कुणाच्या तरी ओळखीतून महिन्याला एखादा फोन येतोच. "ताई, आमच्या अपार्टमेंटमध्ये बुरशी निघाली. हिला आता परफ्यूमचा वाससुद्धा सोसत नाही. आम्ही आरव्ही घ्यायचं म्हणतोय. नवीकोरीच घेतो, म्हणजे बुरशीचा प्रश्न नको." आरव्ही म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी किंवा गाडीमागे ओढायचा ट्रेलर. 'नवीकोरीच घेतो' हे शेवटचं वाक्य आलं की मी त्यांना तिथेच थांबवते. मीही नेमकं तेच केलं होतं. नवाकोरा ट्रेलर घेतला, पाच महिन्यांत तोट्यात विकला, आणि त्या पाच महिन्यांतल्या जवळजवळ सगळ्या रात्री गाडीच्या मागच्या सीटवर काढल्या.

मी मूळची चिपळूणची. ओल म्हणजे काय ते लहानपणापासून माहीत आहे. श्रावणात कपाटातल्या चामडी चपलांवर हिरवट बुरा चढायचा, गाद्यांना कुबट वास यायचा, आणि त्याने आम्हाला कुणालाही काही होत नसे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वे वादळाचं पाणी ह्यूस्टनमधल्या आमच्या तळमजल्याच्या घरात गुडघाभर शिरलं. पाणी ओसरलं, भिंतींना रंग लागला, नवा गालिचा आला आणि आम्ही परत राहायला गेलो. त्यानंतर खोकला थांबेना, डोकं सतत जड. वर्षभरात अशी वेळ आली की शेजारच्या ड्रायरमधून येणाऱ्या सुगंधी वाफेनेही छाती भरून यायची. २०१९ पासून मी ट्रेलरमध्ये राहते आहे. त्यातला दुसरा ट्रेलर मला मानवला. तो का मानवला आणि पहिला का नाही, हे सगळं इथे क्रमाने लिहिते आहे. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय, कारण कायदे आणि जागा तिथल्याच आहेत.

१. आधी डॉक्टर, मग डीलर

बुरशीची अ‍ॅलर्जी आणि दमा या दोन्हींच्या तपासण्या आहेत, उपचारही आहेत. ते आधी करून घ्या. रसायनांच्या संवेदनशीलतेची गोष्ट वेगळी. तिला मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी म्हणतात. तिची रक्ताची तपासणी नाही, आणि ती नेमकी कशाने होते यावर डॉक्टरांमध्ये अजूनही वाद आहे. त्रास मात्र खरा असतो. काही डॉक्टर ऐकून घेतील, काही मान हलवतील. दोन्हींची तयारी ठेवा, आणि हजारो डॉलर घेऊन 'पूर्ण बरं करतो' म्हणणाऱ्यांपासून लांब राहा.

एक गोष्ट फुकट आहे आणि खूप उपयोगी आहे: डॉ. क्लॉडिया मिलर यांची 'क्वीसी' नावाची प्रश्नावली. डिझेलचा धूर, रंग, नवा गालिचा, सुगंधी द्रव्यं अशा एकेका गोष्टीचा तुम्हाला किती त्रास होतो, याला ० ते १० गुण द्यायचे. घर सोडण्याआधी एकदा भरा, तारीख घाला, आणि ट्रेलरमध्ये तीन महिने झाल्यावर पुन्हा भरा. आपण सुधारतोय की नुसतं तसं वाटतंय, हे त्यातून कळतं.

आणि राहती जागा सोडायची घाई करू नका. निदान दोन महिने दोन्हीचा खर्च पेलेल अशी सोय आधी करा.

२. कोणता डबा घ्यायचा

लेखातला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. इथे चुकलात तर पुढच्या पायऱ्यांनी फारसं काही सावरता येत नाही.

बहुतेक ट्रेलरच्या भिंती पातळ प्लायवूडच्या, कपाटं पार्टिकल बोर्डची किंवा एमडीएफची, जमीन व्हिनाइलची आणि सगळं चिकटवलेलं गोंदाने. या बोर्डांमधून फॉर्मल्डिहाइड वायू सुटत राहतो. कतरिना वादळानंतर बेघर झालेल्यांना सरकारने जे ट्रेलर दिले, त्यांत लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, नाकातून रक्त यायला लागलं. शेवटी २००७-०८ च्या हिवाळ्यात सीडीसीने (सरकारच्या रोग-नियंत्रण संस्थेने) असे ५१९ ट्रेलर आणि मोबाइल होम तपासले. फॉर्मल्डिहाइडची सरासरी पातळी ७७ पीपीबी (हवेच्या अब्ज भागांत ७७ भाग) निघाली, आणि सर्वांत वाईट डब्यात ५९०. तीही हिवाळ्यात! उष्णता आणि दमटपणा वाढला की हा वायू आणखी सुटतो.

त्यानंतर २०१० मध्ये कायदा झाला आणि बोर्डांवर मर्यादा आल्या. त्या कायद्याचं 'टीएससीए टायटल सिक्स' असं लेबल तुम्हाला दिसेल. लेबल असलेलं चांगलंच. पण ते फक्त लाकडी बोर्डांपुरतं आहे. सोफ्याचा फोम, व्हिनाइल, पडदे, गोंद, छताचं सीलंट यांच्याबद्दल ते काही सांगत नाही. आणि दीडशे-दोनशे चौरस फुटांच्या बंद डब्यात हे सगळं एकत्र येतं. माझ्या पहिल्या ट्रेलरला ते लेबल होतं.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला:

नवा घेऊ नका. पाच ते दहा वर्षं जुना, एकाच मालकाने वापरलेला आणि छपराखाली उभा केलेला शोधा. इतक्या वर्षांत वास बराच उडून गेलेला असतो.

सांधे जितके कमी, तितकं पाणी शिरायला जागा कमी. साच्यातून काढलेल्या फायबरग्लासचे छोटे ट्रेलर मिळतात, स्कॅम्प आणि कॅसिटा ही त्यातली ओळखीची नावं. अंड्याच्या टरफलासारखे दोन अर्धे भाग मध्ये जोडलेले असतात. छताला आणि भिंतीला वेगळी कड नाही, चार कोपऱ्यांच्या शिवणी नाहीत. १३ ते १७ फूट लांबी म्हणजे जागा फारच कमी. मी १७ फुटीत राहते. नव्या फायबरग्लासला स्टायरीनचा उग्र वास असतो, त्यामुळे इथेही जुनाच बघा. दुसरा पर्याय अॅल्युमिनियमच्या सांगाड्याचा, ज्यात लाकूड जवळजवळ नाही. नुसता बाहेरचा पत्रा चकचकीत असून भागत नाही. आतली जमीन प्लायवूडची आहे का, हे विचाराच.

स्लाइड-आउट, म्हणजे बटण दाबलं की बाहेर सरकणारी खोली, नको. बसायला ऐसपैस होतं खरं, पण भिंतीला पाडलेलं ते मोठं भोक रबरी पट्टीच्या भरवशावर असतं.

मोटारहोमपेक्षा मागे ओढायचा ट्रेलर बरा. इंजिन, पेट्रोल आणि ब्रेकचा वास झोपायच्या खोलीत येत नाही, आणि ट्रेलर दुरुस्तीला असला तरी गाडी हाताशी राहते. गाडीची ओढायची क्षमता मात्र तिच्या मालकाच्या पुस्तिकेत बघून घ्या. विकणाऱ्याच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका.

३. पाहायला जाण्याआधी फोनवर विचारायचे प्रश्न

प्रवास करून जायचं, दार उघडायचं आणि वासाने तिथूनच परत फिरायचं, असं माझं चार वेळा झालं. त्यानंतर मी हे प्रश्न लिहून ठेवले:

- आत कधी कुणी सिगारेट ओढलीय का? कुत्रं-मांजर होतं का?
- प्लगला लावायचे सुगंध, फवारे, सुगंधी ड्रायर शीट वापरता का?
- हिवाळ्यात उंदीर येऊ नयेत म्हणून डांबराच्या गोळ्या ठेवल्या होत्या का? इथे ही पद्धत फार आहे, आणि तो वास महिनोन्महिने जात नाही.
- कीटकनाशक मारलंय का, आणि केव्हा?
- छताचं सीलंट शेवटचं कधी बदललं? पावती आहे?
- गेल्या सहा महिन्यांत आत रंग, नवी जमीन किंवा नवं वॉलपेपर केलंय का?

शेवटच्या प्रश्नाला 'हो, सगळं नवं केलंय!' असं आनंदाने उत्तर आलं, तर आभार मानून फोन ठेवा. ताज्या रंगाचा वास तर असतोच, शिवाय त्या रंगाखाली काय झाकलंय हे कळायला मार्ग नसतो.

४. तपासणी: काय न्यायचं, कुठे बघायचं

सोबत टॉर्च, लाकडातली ओल मोजणारा टाचण्यांसारख्या दोन टोकांचा मॉइश्चर मीटर, हवेतली आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर, शिडी आणि मास्क न्या. एन९५ मास्क बुरशीचे कण अडवतो, पण वायू अडवत नाही. वायूसाठी ऑरगॅनिक व्हेपर काडतुसांचा रबरी मास्क लागतो. जास्त त्रास होत असेल तर आधी घरातल्या दुसऱ्या माणसाला आत पाठवा.

बूट काढून, पायमोज्यांवर सगळी जमीन चाला. दाराजवळ, संडासाभोवती, पलंगाखालच्या कोपऱ्यात. पाय किंचित दबला की खाली प्लायवूड कुजलंय. बाहेरून भिंतीवर तिरपा टॉर्च मारा. फुगवटा किंवा लाटा दिसल्या तर आतला गोंद पाण्याने सुटलाय. मग छतावर, आणि प्रत्येक व्हेंटच्या, पाइपच्या कडेने भेगा शोधा.

मीटरचं काम शांतपणे करा. लाकडात १५ टक्क्यांच्या खाली असेल तर ठीक, २० च्या वर म्हणजे बुरशीला आमंत्रण. एका ट्रेलरमध्ये मी कपाटं उघडून आतल्या बाजूने मोजत होते. ११, १२, १२, ११. मालकीणबाई हसतमुखाने शेजारी उभ्या. मग डायनेटच्या (जेवायच्या टेबलाच्या) खिडकीखाली, कोपऱ्यात टोकं टेकवली: २७. त्या जागेवर वॉलपेपरचा एक तुकडा बाकीच्यापेक्षा जरा उजळ होता, तळहाताएवढा. बाईंना बहुधा खरंच माहीत नव्हतं. मीटर नसता तर मीही तो ट्रेलर घेतला असता.

पैसे मोठे असतील तर प्रेशर टेस्ट करून घ्या. पंख्याने आत हवा भरतात आणि बाहेरून सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी मारतात. जिथे फट आहे तिथे बुडबुडे येतात. माझ्या आताच्या ट्रेलरच्या मागच्या छोट्या लाल दिव्याभोवती असा फेस आला होता. ब्यूटिलची (चिकट रबरी) टेप आणि एका दुपारचं काम. साबण बिनवासाचा वापरायला सांगा.

कागदांमध्ये टायटल, म्हणजे मालकीचा दाखला, नीट वाचा. 'सॅल्व्हेज' (मोडीत काढलेली) किंवा 'फ्लड' (पुरात बुडालेली) शब्द दिसला तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्या. वादळांनंतर पाण्यात बुडालेल्या गाड्या दुसऱ्या राज्यांत विकायला जातात.

५. दोन रात्री झोपून बघा

विकत घेण्याआधी, त्याच ट्रेलरमध्ये, मालकाच्या अंगणात. भाडं द्या हवं तर. दिवसा दार उघडं असताना अर्धा तास बसून काहीच कळत नाही. दारं-खिडक्या बंद, हीटर चालू, आठ तास झोप, आणि सकाळी डोकं, घसा, सांधे कसे आहेत ते वहीत लिहा. पहिल्या रात्री उत्साहाने झोपच लागत नाही, म्हणून दोन रात्री. बरेच मालक याला नाही म्हणतात. ज्यांनी हो म्हटलं, त्यांचाच ट्रेलर मी घेतला.

दोन गोष्टींवर पैसे घालवू नका. धुळीतली बुरशी मोजणारी 'एर्मी' तपासणी ईपीएने (सरकारच्या पर्यावरण संस्थेने) संशोधनासाठी बनवली आणि घरोघरी नेहमीच्या वापरासाठी ती ईपीए स्वतःच सुचवत नाही. आणि ओझोन मशीन. 'रात्रभर ओझोन सोडला की सगळा वास जातो' असं दहा जण सांगतील. ओझोन फुप्फुसांना वाईट, रबराच्या सीलना वाईट, आणि आतल्या वस्तूंशी त्याचा संयोग होऊन पुन्हा फॉर्मल्डिहाइडच तयार होऊ शकतो.

६. राहायला जाण्यापूर्वीची कामं

फोमच्या गाद्या, पडदे, गालिचा, खिडक्यांवरच्या कापडी पट्ट्या काढून टाका. गादी सुती किंवा लोकरीची घ्या आणि तिच्याखाली हवा खेळेल अशा पट्ट्यांची चौकट ठेवा. रात्री अंगाच्या उबेने गादी गरम आणि खालची फळी थंडगार राहते, मग गादीच्या पोटाला पाणी सुटतं. मी पलंगाच्या फळीला भोकं पाडली आणि वर लाकडी पट्ट्या ठोकल्या. आईने दिलेली गोधडी वर असते, ती रोज उन्हात जाते.

पार्टिकल बोर्डाच्या कापलेल्या उघड्या कडांमधून सर्वांत जास्त वायू सुटतो: कपाटाच्या आतल्या बाजू, ड्रॉवरची पाठ, स्क्रूची भोकं. तिथे लाखेचे दोन हात द्या. आपल्याकडच्या झाडांवरच्या किड्यापासून होणारी तीच लाख, इथे अल्कोहोलमध्ये विरघळवून शेलॅक म्हणून मिळते. एक-दोन दिवस अल्कोहोलचा वास येतो, तेवढे दिवस बाहेर राहा. आधी एका फळीच्या तुकड्यावर लावून, तो उशाशी ठेवून बघा, मगच सगळीकडे लावा. हा नियम प्रत्येक रंगाला, गोंदाला, टेपला लावा. 'बिनविषारी' हा शब्द डब्यावर कुणीही छापू शकतो.

काही जण बाहेरच्या भिंतींना आतून अॅल्युमिनियमची फॉइल लावतात. वास अडतो, पण फॉइल आणि थंड भिंत यांच्यामध्ये ओल अडकली तर मागे बुरशी वाढते आणि दिसतही नाही. फॉइल लावायचीच तर आतल्या कपाटांना लावा.

बुरशी सापडलीच तर ब्लीच ओतू नका. काच, धातू, फायबरग्लास साबणाच्या पाण्याने पुसून कोरडं करता येतं. लाकूड, फोम, कापड यांच्या आत गेलेली बुरशी त्या वस्तूसकट काढावी लागते. ईपीए म्हणते की साधारण दहा चौरस फुटांपर्यंतचं काम घरच्या घरी करता येतं. ते निरोगी माणसासाठी. तुम्ही स्वतः करू नका, दुसऱ्याकडून करून घ्या.

७. ओल: रोजचं काम

ओल्या वस्तूवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरते. त्यामुळे आरव्हीत 'शनिवारी बघू' असं नसतं. गळती दिसली की त्याच दिवशी कोरडं करायचं.

आतली आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत ठेवा, ६० च्या वर कधीच नको. हायग्रोमीटर दोन घ्या: एक डोळ्यांपुढे, एक पलंगाखाली. पलंगाखालचा नेहमी जास्त दाखवतो आणि खरी गोष्ट तोच सांगतो. स्वस्तातले मीटर खोटंही बोलतात, म्हणून त्यांची मिठाची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी घालून चिकट ओलसर करा, विरघळू देऊ नका. ते झाकण आणि मीटर एका घट्ट पिशवीत आठ-दहा तास ठेवा. आत ७५ टक्के दिसायला हवेत. माझा एक मीटर ६८ दाखवत होता. त्यावर पट्टी चिकटवून '+७' लिहून ठेवलंय.

हवेतली ओल ओढून घेणारा डीह्युमिडिफायर हवाच. कॉम्प्रेसरवाला उबदार हवेत उत्तम चालतो, थंडीत त्याची ताकद जाते. थंड जागी डेसिकंट (ओल शोषणारा पदार्थ वापरणारा) प्रकारचा चांगला. मुठीएवढे स्वस्त खेळणीवजा येतात, ते पेलाभर पाणी काढायला दिवस लावतात. घेऊ नका.

खिडकी उघडावी की नाही, हे नुसत्या आर्द्रतेच्या टक्क्यांवर ठरवू नका, दवबिंदू बघा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते. हवामानाच्या कुठल्याही अॅपमध्ये असतो. बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा कमी असेल तर पंखा लावून खिडकी उघडा, जास्त असेल तर बंद. बाहेर ९० टक्के आर्द्रता पण कडाक्याची थंडी असेल, तर ती हवा आत येऊन गरम झाल्यावर कोरडीच असते. ह्यूस्टनच्या जुलैमध्ये याच्या उलट, खिडकी उघडली की ओल आत घेतलीच.

विजेचा हिशेब विसरू नका. ३० अँपिअरच्या जोडणीत ३६०० वॉट मिळतात. हीटर १५००, इंडक्शन १८००, आणि वर डीह्युमिडिफायर लागला की ब्रेकर पडतो. मी स्वयंपाकाच्या वेळी हीटर बंद ठेवते.

दर तीन महिन्यांनी छतावर चढा, सीलंटच्या भेगा बघा. ज्या दिवशी ताजं सीलंट लावाल त्या रात्री आत झोपू नका.

८. हवा, गॅस आणि स्वयंपाक

हेपा फिल्टर धूळ, परागकण, बुरशीचे कण अडवतो. वासांसाठी सक्रिय कोळसा लागतो, आणि तो किलोंमध्ये लागतो. पातळ काळ्या जाळीचा उपयोग नाही. मशीनच्या माहितीत कोळशाचं वजन लिहिलेलं नसेल तर घेऊ नका.

प्रोपेन जळताना पाणी तयार होतं: एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त वाफ. शेगडीची आणि धुराडं नसलेल्या हीटरची ती सगळी वाफ आतच राहते. शेगडीला मी टाटा केला. इंडक्शन घेतली आणि तीही ट्रेलरच्या कापडी छपराखाली, बाहेरच्या टेबलावर. कुकर, फोडणी, तळण सगळं बाहेर. पोळ्या तेवढ्या आत, छताचा पंखा चालू ठेवून.

आता सर्वांत धोक्याची गोष्ट. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही कार्बन मोनॉक्साइडची लक्षणं आहेत, आणि आपल्या नेहमीच्या त्रासाची लक्षणंही अगदी तशीच. दुसऱ्या हिवाळ्यात माझं डोकं तीन सकाळी सलग दुखलं. मी शेजारच्या नव्या ताडपत्रीला दोष देत होते. चौथ्या पहाटे अलार्म वाजला. फर्नेसच्या बाहेरच्या नळीत कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं, जेमतेम लिंबाएवढं. या माश्यांना आणि कोळ्यांना त्या नळ्या फार आवडतात, त्यामुळे बाहेरून जाळी बसवा. कार्बन मोनॉक्साइडचा आणि गॅसचा असे दोन्ही अलार्म ठेवा, त्यांच्या पाठीवरची मुदतीची तारीख बघा, आणि डोकं दुखलं की कारण शोधत बसण्याआधी बाहेर या.

संडासाच्या टाकीत टाकायच्या निळ्या सुगंधी द्रवाची गरज नाही. भरपूर पाणी वापरा आणि टाकी भरत आली की मगच रिकामी करा.

९. गाडी कुठे लावायची

आरव्ही पार्कमध्ये सगळ्यात मोठी अडचण शेजाऱ्यांची: शेकोट्या, डिझेल जनरेटर, कपडे धुण्याच्या खोलीतली सुगंधी वाफ, महिन्याचा कीटकनाशक फवारा. बुकिंगच्या आधी फवाऱ्याची तारीख विचारा आणि वारा ज्या बाजूने येतो त्या टोकाची जागा मागा. मी लिहून विचारते, म्हणजे लेखी उत्तर हातात राहतं.

बीएलएम या सरकारी भूमी-खात्याच्या जमिनीवर बहुतेक ठिकाणी २८ दिवसांत १४ दिवस फुकट राहता येतं. अॅरिझोनात क्वार्ट्झसाइटजवळ १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा पूर्ण हंगाम राहण्याचा परवाना मिळतो. अॅरिझोनातल्याच स्नोफ्लेक गावाजवळ रसायनांचा त्रास असलेले बरेच लोक वर्षानुवर्षं राहतात. पण तिथे पाहुणे म्हणून जाणाऱ्यालाही आधी कित्येक दिवस बिनवासाचे कपडे आणि साबण वापरावे लागतात. न विचारता जाऊ नका.

'वाळवंटात बुरशी नाही' हेही अर्धसत्य आहे. अॅरिझोनात आणि कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात मातीतच कॉक्सिडिऑइडिस नावाची बुरशी असते. वावटळीबरोबर ती फुप्फुसात जाते आणि व्हॅली फीव्हर होतो. आठवड्याच्या वर ताप, खोकला, थकवा राहिला तर डॉक्टरांना या आजाराचं नाव घेऊन तपासणी मागा. धुळीच्या वादळात दारं-खिडक्या बंद ठेवा. आणि तिथेही मान्सून असतो, जून ते सप्टेंबर. जुलैतला पहिला पाऊस माझ्या छतातली एकमेव भेग बरोबर शोधून आत आला.

१०. कागदपत्रं

पूर्णवेळ आरव्हीत राहणारे बरेच जण साउथ डकोटा, टेक्सस किंवा फ्लोरिडा यांतला टपाल-सेवेचा पत्ता घेतात. तिन्ही राज्यांत राज्याचा आयकर नाही. पण आपल्यातल्या अनेकांना आधी दुसऱ्या गोष्टी बघाव्या लागतात:

- अमेरिकेचे नागरिक नसाल, ग्रीन कार्ड असलं तरी, पत्ता बदलल्यापासून १० दिवसांत एआर-११ फॉर्म भरायचा असतो. ऑनलाइन होतो. पोचपावती जपून ठेवा.
- एच-१बी व्हिसावर घरून काम करत असाल तर कामाची जागा एलसीएला (कंपनीने कामगार खात्याकडे भरलेल्या अर्जाला) बांधलेली असते. दुसऱ्या महानगर-क्षेत्रात जाऊन काम करायचं तर कंपनीला आधी सुधारित अर्ज करावा लागू शकतो. निघण्यापूर्वी कंपनीच्या वकिलांना लेखी विचारा. 'नुसता ट्रेलर तर आहे' असं समजू नका.
- आरोग्य विमा राज्यापुरता असू शकतो. पत्ता बदलण्याआधी आपले डॉक्टर त्यात राहतात का ते बघा.
- ट्रेलरचा विमा पूर्णवेळ राहण्याचा घ्या. सुट्टीपुरत्या वापराच्या विम्यात दावा नाकारला जाऊ शकतो.
- टायटल, नोंदणी, विमा, डॉक्टरांचं पत्र आणि औषधांच्या चिठ्ठ्या यांच्या प्रती गाडीत ठेवा, ट्रेलरमध्ये नकोत.

११. भारतातून येणाऱ्या बॅगा

आई-बाबा येतात, मावशी येते, बॅगेत प्रेमाने भरलेल्या साड्या आणि स्वेटर असतात, आणि त्यांच्या घडीघडीत डांबराच्या गोळ्यांचा वास. ती बॅग ट्रेलरमध्ये उघडली की आठवडाभर आत झोपता येत नाही. मागच्या दिवाळीत आईची इरकली मी बारा दिवस दोरीवर सावलीत टांगली, तरी पदराला वास होताच. म्हणून निघण्याच्या महिनाभर आधीच फोन करा: कपाटातल्या गोळ्या काढायच्या, कपडे बिनवासाच्या साबणाने धुवायचे, आणि वाटलंच तर घडीत वाळलेला कडुनिंबाचा पाला घालायचा. उदबत्ती, कापूर, अत्तर, सुगंधी उटणं आणू नका, हेही त्याच फोनवर स्पष्ट सांगा. वाईट वाटतं सांगताना. माझ्या आईला पहिल्यांदा राग आला होता. आता ती चिपळूणहून निघताना बॅग स्वतःच हुंगून बघते आणि विमानतळावरून फोन करून सांगते, "नाही येत गं वास."